चंद्राआधीचं खोदकाम

तोफ कुठे उभारायची, या प्रश्नाला ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीतली केंब्रिजची वेधशाळा नेमकं उत्तर देते: विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला २८ अंशांच्या आत. चंद्र बरोबर डोक्यावर येतो तो याच पट्ट्यात, आणि गोळा सरळ वर सोडायचा तर लक्ष्यही सरळ वर हवं. शहापूर तालुक्यातलं शेणवा साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. काही वर्षं अशी येतात की चंद्र तिथे माथ्यावर येता येता थोडा राहून जातो. एरवी शेणवा या परीक्षेत उत्तीर्ण होतं. जागा उंचावर असावी हीही ही तोफ उभारणाऱ्या बंदूक क्लबाची इच्छा होती. व्हर्ननं त्यासाठी फ्लोरिडात ‘स्टोन्स हिल’ नावाची १,८०० फुटांची टेकडी कल्पिली. खऱ्या फ्लोरिडात साडेतीनशे फुटांच्या वर जमीनच नाही. शहापूरला माहुलीचा किल्ला २,८०० फुटांच्या घरात आहे. इथे टेकडी कल्पावी लागली नसती.

हा हिशेब गंमत म्हणून मांडला, पण ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ (१८६५) आणि ‘चंद्राभोवती’ (१८७०) या जोडकादंबऱ्यांची गोडी असल्याच हिशेबात आहे. पहिल्या कादंबरीची प्रकरणं अठ्ठावीस. तोफ उडते ती सव्विसाव्या प्रकरणात. त्याआधी माणसं सभा भरवतात, पत्रव्यवहार करतात, वर्गणी गोळा करतात, जागेवरून हमरीतुमरीवर येतात, पैजा मारतात, खणतात आणि लोखंड ओततात. अंतराळप्रवासाची कथा वाचायला बसलेल्या वाचकाला व्हर्न इतका वेळ जमिनीवर ठेवतो, आणि वाचक कंटाळत नाही. हे कसं साधलं, ते पाहण्यासारखं आहे.

चंद्राची वाट फ्रेंचांना नवी नव्हती. सिरानो द बर्जराकचं चंद्रावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६५७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा नायक दवानं भरलेल्या बाटल्या अंगाला बांधतो. ऊन दव ओढून घेतं आणि दवाबरोबर नायकही वर जातो. फार वर जातोय असं वाटून तो काही बाटल्या फोडतो आणि खाली येतो तो थेट कॅनडात, कारण तेवढ्या वेळात पृथ्वी खालून फिरलेली असते. पृथ्वी फिरते असं म्हटल्याबद्दल गॅलिलिओला झालेली शिक्षा तेव्हा ताजी होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या थट्टेची धार कळते. व्होल्तेरचा ‘मिक्रोमेगास’ (१७५२) व्याध ताऱ्याकडून आलेला महाकाय पाहुणा आहे. पृथ्वीवरच्या माणसांचा गर्व उतरवायला लेखकानं त्याला बोलावलं आहे. दोघांनाही वर जाण्याच्या युक्तीशी फारसं कर्तव्य नव्हतं. वरून खाली पाहून हसायचं होतं.

व्हर्ननं हसणं सोडलं नाही, पण हसण्याच्या आधी आकडेमोड बसवली. ती तपासायला त्याचा नात्यातला भाऊ, गणिताचा प्राध्यापक आंरी गार्से, होता. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड. प्रवासाचा वेळ ९७ तास, १३ मिनिटं, २० सेकंद. तोफ उडण्याचा मुहूर्त १ डिसेंबर, रात्री १० वाजून ४६ मिनिटं ४० सेकंद. भरतमुनींनी अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय सांगितला. विस्मय म्हटलं की आपल्याला दिव्यदर्शन, मायावी रूपं, विमानं आठवतात. प्रवासाच्या वेळेतले शेवटचे ते वीस सेकंद वाचताना होणारा विस्मय वेगळ्या जातीचा आहे. अशक्य गोष्ट इतक्या निगुतीनं मोजली जाते की आपण तिच्या शक्यतेवरचा वाद विसरतो आणि घड्याळ पाहू लागतो.

मात्र हे मोजमाप कुणाच्या हाती दिलंय, तेही पाहिलं पाहिजे. बंदूक क्लब म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात तोफा बनवणाऱ्यांचा संघ. युद्ध संपल्यामुळे ही मंडळी उदास झाली आहेत. व्हर्न त्यांची शिरगणती अवयवांनी करतो: चार सभासदांमागे धड एक हात नाही आणि सहा जणांमागे पाय दोन. चिटणीस जे. टी. मॅस्टन याच्या मनगटाला लोखंडी आकडा आहे आणि कवटीला गटापर्चाचं ठिगळ. शांततेला कंटाळलेल्या या लोकांना अध्यक्ष बार्बिकेन चंद्राचं लक्ष्य देतो, तेव्हा सभागृह आनंदानं वेडं होतं. बीभत्स आणि हास्य यांची अशी सरमिसळ बालवाचकांसाठी केलेल्या रूपांतरांत सहसा उरत नाही. उरतो तो साहसाचा सांगाडा.

वर्गणीचं प्रकरण तर एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चासारखं वाचावं. रशिया सढळ हातानं देतो. फ्रान्स आधी मनसोक्त टिंगल करतो आणि मग साडेबारा लाखांवर फ्रँक मोजतो. स्वित्झर्लंडला या व्यवहारात फायदा दिसत नाही; ते २५७ फ्रँकांवर हात आखडतं. स्पेनकडून ११० रेआल. इंग्लंडकडून छदामही नाही. एकूण ५४,४६,६७५ डॉलर. प्रत्येक राष्ट्राचा स्वभाव त्याच्या आकड्यात उतरला आहे. कुणाविषयी परिच्छेदभर मतप्रदर्शन करण्यापेक्षा ११० रेआल लिहून गप्प बसणं जास्त बोचतं, हे व्हर्नला ठाऊक होतं.

जागेच्या भांडणातही हीच लकब आहे. २८ अंशांच्या अटीत अमेरिकेचे दोनच प्रदेश बसतात, टेक्सास आणि फ्लोरिडा. दोघांची शिष्टमंडळं बाल्टिमोरला येऊन एकमेकांच्या अंगावर जातात. बार्बिकेन फ्लोरिडाच्या बाजूनं कौल देतो तो खगोलशास्त्रीय कारणानं नाही. टेक्सासात पात्र ठरणारी शहरं अकरा आहेत. टेक्सास निवडलं की त्या अकरांत पुन्हा जुंपणार. फ्लोरिडात टॅम्पा एकटंच. धरण, कारखाना किंवा तालुक्याचं कार्यालय कुठे यावं यावरून चाललेली ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बार्बिकेनचा शहाणपणा समजावून सांगावा लागणार नाही.

आता चौदाव्या प्रकरणाकडे येऊ. माझ्या मते दोन्ही कादंबऱ्यांचा कणा तिथे आहे. नाव आहे ‘कुदळ आणि थापी’. मर्चिसन नावाचा इंजिनिअर पंधराशे कामगार घेऊन येतो. ९०० फूट खोल आणि ६० फूट रुंद विहीर खणायची, तिच्या आतच तोफ ओतायची. ४ नोव्हेंबरला पहिली कुदळ पडते आणि १० जूनला काम संपतं. आपल्याकडच्या भाषेत, दिवाळीच्या सुमारास सुरू आणि मृगाच्या तोंडावर बंद. कोकणपट्टीतल्या कुठल्याही ठेकेदाराच्या वेळापत्रकात बसेल. व्हर्न थर उतरत जातो: सहा इंच काळी माती, मग वाळू, मग चिकणमाती, मग कठीण खडक. झरे लागतात, पंप बसतात. पुढे १,२०० भट्ट्या एकाच वेळी फोडून ६८ हजार टनांवर लोखंड त्या खड्ड्यात सोडलं जातं, आणि किती आठवडे तरी जवळ जाता येणार नाही अशी जमीन तापून राहते. एकही अद्भुत प्राणी न आणता, फक्त मातीच्या थरांवर आणि वितळलेल्या लोखंडावर कादंबरी श्वास रोखायला लावते.

याच प्रकरणात दोनतीन वाक्यं अशी येतात की मी तिथे दर वेळी थांबतो. खोदकामात काही मजूर दगावले, असं निवेदक सांगतो, आणि लगेच पुस्ती जोडतो की असे अपघात टळत नसतात, अमेरिकन लोक त्यांना तपशिलात धरतात, त्यांना एकट्यादुकट्या माणसापेक्षा मानवजातीची चिंता अधिक. त्यानंतर बार्बिकेनची बाजू सावरून घेतली जाते; तो मात्र मजुरांची काळजी घेई. हा उपरोध आहे, यात शंका नाही. पण उपरोध करून व्हर्न पुढे निघून जातो. ज्या कादंबरीत गोळ्याच्या भिंतीची जाडी इंचात, तोफेच्या दारूचं वजन पौंडात आणि स्वित्झर्लंडची वर्गणी शेवटच्या फ्रँकापर्यंत दिली आहे, तिथे मेलेल्या मजुरांचा आकडा तेवढा नाही. इतक्या मोजणाऱ्या लेखकानं एवढं एक मोजलं नाही, हे मला त्या वाक्यांच्या उपरोधापेक्षाही जास्त बोलकं वाटतं.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हे वाचताना जवळची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. कसाऱ्याचा थळ घाट रेल्वेसाठी खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॅरिसच्या ‘जूर्नाल दे देबा’मध्ये व्हर्नची कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात झाली. एकीकडे कागदावर फ्लोरिडाचा खडक फुटत होता. इकडे सह्याद्रीचा बसाल्ट खरोखरच फोडून झाला होता. घाटाचा १:३७ चा चढ, त्यातले बोगदे आणि पूल यांची मापं इंजिनिअरांच्या अहवालांत सापडतात. सुरुंगाला बत्ती देणारे हात कुणाचे होते, ते सापडत नाही. पुढे १८९२ मध्ये तानसा धरण पुरं झालं, मग मोडकसागर, मग भातसा. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा आजही शहापूर तालुक्यातून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. फार मागे जायचं तर मुरबाडच्या बाजूनं नाणेघाट चढून पाहावा. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा लेख आहे. यज्ञ किती झाले, दक्षिणा म्हणून गाई किती आणि कार्षापण किती दिले, याचे आकडे त्यात कोरले आहेत. आकडे कोरण्याच्या भारतातल्या फार जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. घाट खोदणाऱ्यांची गणती तिथेही नाही.

गंमत अशी की व्हर्नचा एक नायक शहापूर तालुक्यातून जाऊनही आला आहे. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’मधला फिलिअस फॉग २० ऑक्टोबरच्या रात्री आठला मुंबईहून गाडीत बसतो, कल्याण सोडतो, पश्चिम घाट ओलांडतो आणि रात्रीतच नाशिक मागे टाकतो. म्हणजे आसनगाव आणि कसारा त्यानं अंधारात पार केले, आणि तसाही तो खिडकीबाहेर पाहणाऱ्यांतला नव्हताच. व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नाही. नकाशे वाचून लिहिताना त्यानं खंडाळा याच वाटेवर आणून ठेवला. कर्जतजवळच्या वेणगावचं मूळ घराणं असलेल्या नानासाहेब पेशव्यांना त्यानं ‘वाफेचं घर’ (१८८०) या कादंबरीत खलनायक केलं, ते मराठी वाचकाला रुचणं कठीण. आपल्याकडे पाहताना या फ्रेंच लेखकांची आकडेमोड थोडी सुटतेच. १९०८ मध्ये गुस्ताव ल रूज यानं आपल्या इंजिनिअर नायकाला मंगळावर धाडलं, ते दक्षिण भारतातल्या मठातल्या योग्यांच्या एकवटलेल्या मनःशक्तीवर! दारू, तोफ, लोखंड सगळं वाचलं.

विज्ञान म्हणून पाहिलं तर व्हर्नची तोफही चालणारी नाही. ९०० फुटांच्या नळीत सेकंदाला जवळपास ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर आतल्या माणसांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे २२ हजार पट भार येईल. व्हर्ननं धक्का सोसायला खाली पाण्याचा थर आणि फुटणाऱ्या फळ्या दिल्या आहेत. त्यांनी काही वाचलं नसतं. उलट त्याच १८६५ साली आशिल एरो यानं ‘शुक्राचा प्रवास’ लिहिला. त्यातलं यान पाण्याच्या झोताच्या प्रतिक्रियेवर चालतं, म्हणजे तत्त्व रॉकेटच्या जवळचं. तरी एरोची कादंबरी आज अभ्यासकांपुरती उरली आहे. वाचकाला बांधून ठेवायला बरोबर तत्त्व पुरत नाही. व्हर्नच्या फ्लोरिडाची आणि अपोलोच्या फ्लोरिडाची सांगड घालून त्याला द्रष्टा ठरवणारे लेख मला म्हणूनच फिके वाटतात. जागेच्या निवडीत अक्षांशाचा तर्क खरा होता, एवढं श्रेय त्याचं. बाकी जुळणारे तपशील मोजत बसलं की न जुळणारे लपवावे लागतात.

दुसऱ्या कादंबरीत तीन माणसं गोळ्यात बंद आहेत: हिशेबी बार्बिकेन, त्याचा हाडवैरी निकोल आणि फ्रेंच हौशी मिशेल आर्दां. आर्दां हे नाव फोटोग्राफर व बलूनवीर नादार याच्या नावाची अक्षरं फिरवून केलेलं आहे. निकोलनं बार्बिकेनशी पाच पैजा लावल्या होत्या. पैसा जमणार नाही, तोफ ओतली जाणार नाही, अशा तीन पैजा तो आधीच हरला आहे. तोफ फुटेल आणि गोळा सहा मैलही जाणार नाही, या शेवटच्या दोन. पृथ्वी खाली लहान होत असताना निकोल शांतपणे नऊ हजार डॉलर काढून देतो आणि बार्बिकेनकडून पावती मागतो. मृत्यूच्या इतक्या जवळ पावती मागणारा माणूस उभा करायला मोठी विनोदबुद्धी लागते.

याच गोळ्यात सॅटेलाइट नावाचा कुत्रा आहे. उड्डाणाच्या धक्क्यानं तो जखमी होऊन मरतो. त्याचं शव खिडकीतून झटकन बाहेर टाकलं जातं. पुढे एकदा बाहेर काहीतरी चपटं, पोत्यासारखं बरोबर येताना दिसतं. तो सॅटेलाइट असतो. पोकळीत टाकलेली वस्तू मागे पडत नाही, तीही त्याच वेगानं सोबत चालते. भौतिकशास्त्राचा हा धडा व्हर्ननं मेलेल्या कुत्र्याकडून शिकवला आहे. विनोद म्हणून दिलेलं नाव खरं ठरतं आणि हसू घशात अडकतं. करुण रसासाठी त्यानं एकही हळवं विशेषण वापरलेलं नाही.

वाटेत एका उल्केच्या ओढीनं गोळा बाजूला सरकतो आणि चंद्रावर न पडता त्याच्यामागे, पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूच्या काळोखात शिरतो. इतकी वर्गणी, इतकं लोखंड, आणि खिडकीबाहेर काहीच दिसत नाही! मग अचानक एक प्रचंड अशनी समोर येऊन फुटतो. काही क्षण चंद्राची ती बाजू उजळते. तिघांना ढगांसारखे पट्टे दिसतात, विस्तीर्ण पाणी दिसल्यासारखं वाटतं, अरण्यांसारखे काळे ठिपके दिसतात. पुन्हा अंधार. निवेदक लगेच विचारतो की इतक्या ओझरत्या दर्शनावर शास्त्रानं विश्वास ठेवावा का. उत्तर देत नाही. बेचाळीस प्रकरणं मोजमापावर उभी राहिलेली कथा तिच्या सर्वोच्च क्षणी मोजता न येणारी गोष्ट दाखवते आणि तिच्यावर हक्क सांगत नाही. अद्भुत रस म्हणून फ्रेंच विज्ञानकथेत मला याहून सरस जागा माहीत नाही. पुढे ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत ‘लुना ३’ यानानं त्या बाजूची पहिली छायाचित्रं पाठवली. अर्थातच तिथे ना पाणी निघालं ना अरण्य. मात्र तिथल्या एका मोठ्या विवराला ज्यूल्स व्हर्नचं नाव मिळालं.

परतीच्या भागाबद्दल थोडक्यात. गोळा पॅसिफिकमध्ये कोसळतो. मॅस्टन आणि मंडळी दिवसेंदिवस समुद्राचा तळ धुंडाळतात आणि शेवटी लक्षात येतं की गोळा आपल्या वजनापेक्षा जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणजे तो तरंगत असणार. आत तिघे डॉमिनो खेळत बसलेले सापडतात. नंतर ग्रहांदरम्यान दळणवळण करणारी कंपनी निघते, आणि तिच्या स्थापनेबरोबरच दिवाळखोरीचं काम पाहणारा न्यायाधीशही नेमून टाकला जातो. शेअरबाजारावर इतकी नेटकी टीका क्वचितच वाचायला मिळते.

मराठीत व्हर्न आला तो दूर कोचीनहून. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ‘चंद्रलोकची सफर’ छापून आली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुतेक तिथूनच सुरुवात करतात. पुढे भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ यांसारख्या पुस्तकांतून व्हर्न मराठी मुलांच्या घरात नेला. त्यांचं ऋण मोठं आहे. पण व्हर्न म्हणजे मुलांचा लेखक, हा समजही आपल्याकडे याच वाटेनं पक्का झाला, आणि मोठ्यांनी तो पुन्हा उघडला नाही.

ज्यांना जमेल त्यांनी या दोन कादंबऱ्या संक्षेप न केलेल्या प्रतीतून, एकापाठोपाठ एक वाचाव्यात. आणि मुलांना ही कथा सांगणाऱ्या शिक्षकांना एक विनंती: तोफ उडवण्याच्या घाईत चौदावं प्रकरण गाळू नका. शहापूर-मुरबाडच्या मुलांना ते बाकी सगळ्या प्रकरणांपेक्षा लवकर कळेल.